गेरसोप्प्याच्या चतुर्मुख बसदीसाठी श्रमदान व मदतीचे आवाहन

कर्नाटकातल्या शरावतीकाठच्या गेरसोप्प्यावर 1552 ते 1606 अशी 54 वर्षं चेन्नभैरादेवी या जैन राणीचं राज्य होतं. होन्नावर, भटकळ ही बंदरं तिच्याकडे होती. घाटातली मिरी तिथूनच जहाजांवर चढायची, म्हणून पोर्तुगीज तिला ‘मिऱ्यांची राणी’ म्हणत. पुढे केळदीच्या वेंकटप्पा नायकानं तिला इक्केरीत कैद केलं. मिर्जानचा तिचा किल्ला बघायला आता गर्दी होते. राजधानीच्या जागी नगरबस्तिकेरीच्या रानात चार दिशांना चार दारं असलेली चतुर्मुख बसदी, म्हणजे जैन मंदिर, उभी आहे, तिकडे फारसं कुणी वळत नाही.

दिवाळीनंतर, गवत वाळू लागलं की, 20 जणांची तुकडी न्यायची आहे. सांगली-कोल्हापूरकडचे श्रावक आणि गडांवर श्रमदान करणारी मंडळी यांनी नावं द्यावीत. स्मारक संरक्षित आहे. पुरातत्त्व व वनखात्याची लेखी परवानगी हाती आल्याशिवाय गाडी निघणार नाही.

काम पायवाट आणि आवारातलं गवत, एवढंच. भिंतीच्या सांध्यात वड-पिंपळाचं रोप दिसलं तर उपटू नका. मुळं आत पसरलेली असतात. ओढलं की भरावाचा दगड निखळतो. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा, तो पुरातत्त्व खात्याकडे जाईल. तारेचा ब्रश, अ‍ॅसिड, सिमेंट यांतलं काही आणू नका. सिमेंट दगडापेक्षा कडक. ओल आतच कोंडते आणि फुटतो तो जुना दगड. (गडांवर हा उद्योग पुष्कळ झाला आहे.) जळवांसाठी मीठ आणाल ते पायऱ्यांवर सांडू देऊ नका. ते ओलीबरोबर दगडात मुरतं आणि सुकताना पापुद्रे काढतं. शिलालेखावर खडू, हळद, तेल लावायचं नाही. टॉर्च बाजूनं, जवळजवळ दगडाला टेकवून धरला की झिजलेलं अक्षरही फोटोत उठतं.

वस्तुरूपानं हवं ते असं: 6 कोयते, 4 फावडी, 20 जोड जाड हातमोजे, 4 मोजपट्ट्या, 4 टॉर्च, 2 प्रथमोपचार पेट्या. पाणी माणशी 4 लिटर, म्हणजे रोज 80 लिटर. त्यासाठी 20 लिटरचे 4 कॅन लागतील. कोयते धार लावूनच द्या, तिथे सहाण मिळत नाही.

होन्नावरपर्यंत कोकण रेल्वे आहे, पुढचा प्रवास आणि जेवण यांसाठी देणगी हवी. ती आमच्या मंडळाच्या नावानं धनादेशानंच द्यावी, रोख घेतली जात नाही. पावती लगेच मिळेल. परवानगी नाकारली गेली तर रक्कम परत केली जाईल.