ट्रॉटनसाठी आले आणि पौलापाशी थांबले

आदरणीय काका,
सप्रेम सलाम.

तुमच्या नगरकडच्या मंडळीत एकमेकांना असाच सलाम करतात, हे तुमच्याचमुळे कळलं. नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे, कारण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. इथे मध्ये बोलायची सोय नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. 'पॉल ऑफ टार्सस' ही बीबीसीची 1960 सालची दहा भागांची मालिका, ख्रिस्ती धर्माचा प्रेषित पौल याच्या आयुष्यावरची. लेखन आणि निर्मिती जॉय हॅरिंग्टन या बाईंची, आणि पौलाच्या भूमिकेत पॅट्रिक ट्रॉटन. मुलांच्या मालिकांसाठी हॅरिंग्टन तेव्हा प्रसिद्ध होत्या. त्याआधी 1956 मध्ये त्यांनी 'जीझस ऑफ नाझरेथ' केली होती. त्यात येशू झाला होता टॉम फ्लेमिंग, ज्याचा आवाज पुढे बीबीसीवर राजघराण्याच्या समारंभांच्या वर्णनासाठी ओळखीचा झाला. ज्या देशात रंगभूमीवर येशूला उभं करायला कित्येक वर्षं परवानगीच नव्हती, तिथे एका बाईने घराघरातल्या पडद्यावर त्याला बोलतं केलं, आणि चार वर्षांनी पौलाला हात घातला. आज टीव्हीच्या इतिहासाच्या गप्पांत हे नाव फारसं निघत नाही. मला ते अन्यायाचं वाटतं.

मी मात्र पौलासाठी आले नव्हते. मी ट्रॉटनवेडी. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या विज्ञानकथा मालिकेत डॉक्टर नावाच्या नायकाची भूमिका करणारा हा दुसरा नट, 1966 ते 1969. आणि ट्रॉटनवेड्यांचं दुखणं एकच: त्याचं काम पुसलं गेलंय. टेप महाग, नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर बंधनं, आणि जुनं कोणी पुन्हा बघेल असं कोणाला वाटतच नव्हतं. त्यामुळे टेप पुसून त्यावर दुसरं काहीतरी भरायचं, हा रिवाज. 'डॉक्टर हू'चे नव्वदच्या वर भाग असे गेले, त्यातले निम्म्याहून जास्त ट्रॉटनचे. 2013 मध्ये त्याचे काही भाग नायजेरियात सापडले तेव्हा जगभरचे चाहते रडले होते. त्याने 1953 मध्ये टीव्हीवरचा पहिला रॉबिन हूड केला होता, त्याचाही तुकडाच काय तो उरलाय. आणि त्याचीच 1960 सालची आख्खी मालिका बघायला मिळू शकते, याचा मला पत्ताच नव्हता. आपल्या दोघांच्या ओळखीच्या बाईंनी तुमचा नंबर दिला तेव्हा तुम्ही पहिल्याच वाक्यात म्हणालात, "ती ना? कपाटात आहे माझ्या."

मग इंग्लंडहून पाकीट आलं. डिस्क चालेना. डीव्हीडीला जगाच्या भागानुसार कुलूप असतं: तिकडच्या डिस्कवर रीजन दोनचं, आपल्याकडची यंत्रं रीजन पाचची; आणि माझ्या लॅपटॉपला तर डिस्क घालायची फटच नाही. शेजाऱ्यांकडून बाहेरचा ड्राइव्ह मागून आणला, तरी तेच. पाकिटात तळाला तुमची चिठ्ठी होती, ती नंतर हाती लागली: "व्हीएलसी वापर, कुरकुर करणार नाही." व्हीएलसी म्हणजे व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर. ऐंशी ओलांडलेल्या माणसाकडून हा सल्ला! आमच्या आयटीतल्या पोरांना मी तो वाचून दाखवला.

पहिला भाग लावायच्या आधी तुम्ही फोनवर थांबवलंत. "आधी प्रेषितांची कृत्ये काढ. सातवा अध्याय, अठ्ठावन्नावं वचन." पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, घरात नव्हतं, मोबाइलवर काढलं. येशूचा अनुयायी स्तेफन याला दगडमार चाललाय, आणि साक्षीदारांनी आपले कपडे एका तरुणाच्या पायाशी ठेवलेत. तरुणाचं नाव शौल, म्हणजेच पुढचा पौल. "बघ," तुम्ही म्हणालात, "एवढ्या मोठ्या माणसाची पहिली एंट्री काय, तर कपडे सांभाळणारा. तो स्वतः एकही दगड उचलत नाही. आता लाव." शब्बाथशाळेत तुम्ही किती वर्षं शिकवलंत ते मला माहीत नाही, पण हे असं शिकवत असाल तर पोरं नक्की जागी राहत असतील.

त्यानंतर मी ट्रॉटनकडे बघायला बसायचे आणि पौलाकडे बघत उठायचे.

चित्राबद्दल थोडं सांगायला हवं. त्या काळच्या ब्रिटिश टीव्हीचं चित्र 405 आडव्या रेषांचं. कार्यक्रम जपायचा तर एका खास पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून पडद्याचंच चित्रण करायचे. त्याला टेलिरेकॉर्डिंग म्हणतात. त्यामुळे त्या काळातलं जे उरलंय ते आहे चित्राचं चित्र: कडा मऊ, काळा रंग राखाडीकडे झुकलेला. स्टुडिओ लहान, कॅमेरे अवजड, तेव्हा दूरचे देखावे फारसे परवडायचे नाहीत. परवडायचा तो चेहरा. आणि चेहऱ्याच्या बाबतीत ट्रॉटनला तोड नाही. खोल सुरकुत्या, आणि डोळे असे की माणूस संतापलाय की रडणार आहे ते क्षणभर कळू नये. तेव्हा तो चाळिशीचा होता. नायकाचा उंच-देखणा बांधा नाही, मुलाखतींना घाबरणारा, भूमिकेत लपून बसणारा नट. मी म्हटलं, पौल असा किरकोळ कसा घेतला असेल? तुम्ही लगेच पौलाच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा दहावा अध्याय काढलात. पौलाचे विरोधक तिथे हेच म्हणतात: पत्रं वजनदार, पण माणूस समोर आला की दुबळा. "हॅरिंग्टनबाईंनी हे वाचलंच असणार," असा तुमचा निकाल. पुरावा काही नाही, पण मला पटला.

एकच गोष्ट मी तुम्हाला शिकवली, ती इथे मिरवते. आपण प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायातलं पौलाचं जहाज फुटणं वाचत होतो. दोनशे शहात्तर माणसं, चौदा दिवसांचं वादळ, गहू समुद्रात फेकलेला, आणि शेवटी ज्यांना पोहता येतं ते पोहत, बाकीचे फळ्यांवरून माल्टाच्या किनाऱ्याला. तेव्हा मी सांगितलं की ट्रॉटन दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिकेत शिकत होता. बेल्जियन जहाजाने परत येताना ते ब्रिटनच्या किनाऱ्याजवळ सुरुंगाला लागून बुडालं आणि तो लाइफबोटीतून वाचला. पुढे नौदलात गेला आणि उत्तर समुद्रात छोट्या लढाऊ बोटींवर होता. तुम्ही काही बोललाच नाहीत. मग काकूंना हाक मारून ते सगळं पुन्हा माझ्याकडून वदवून घेतलंत.

आणि युतुख! पौलाचं प्रवचन लांबत गेलं, पोरगं खिडकीत बसल्या बसल्या पेंगलं आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडलं, हे शास्त्रात लिहिलंय यावर माझा विश्वास बसेना. आमच्याकडे कीर्तनाला डुलक्या काढणारे खूप पाहिलेत, पण बुवांनी खाली उतरून उठवून बसवावं आणि परत वर जाऊन पहाटेपर्यंत बोलत राहावं, हा दम पौलाचाच.

मी हिंदू घरातली, देवळात जाणारी. तुम्ही एकदाही मला काही पटवून द्यायचा प्रयत्न केला नाहीत. नुसतं "पुढचं वाच" म्हणालात. यासाठी वेगळे आभार.

पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र मी एकटीने वाचलं. पौल कैदेत आहे, फिलिप्पीच्या लोकांनी एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली आहे, आणि शेवटच्या अध्यायात तो पोच देतोय. आभार मानतानाही अडखळतो: मला तशी गरज नव्हती, कमी-जास्त दोन्हीत राहायला शिकलोय, तरी तुम्ही केलंत ते बरंच केलंत. हे वाचताना मला तुमचं "बरं बरं, जेवलीस का?" आठवलं.

डिस्क जपून ठेवली आहे. जूनमध्ये माझा भाऊ तिकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवते, सोबत काकूंसाठी भाजणी. आणि शनिवारी नेहमीच्या वेळी फोन करते. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पुरती अडकले आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

काकूंना सलाम.

आपली,
पुण्याची ट्रॉटनवेडी