सईचा वाढदिवस

प्रिय सुनंदा,

२४ नोव्हेंबरला सईला अठरा पूर्ण झाली. दहा दिवस उशिरा जन्मली असती तर आणखी वर्षभर 'ज्युनिअर' राहिली असती गं! इथे अमेरिकेत घोडेस्वारीच्या स्पर्धांचं वर्ष १ डिसेंबरला सुरू होतं, आणि त्या दिवशीचं वय वर्षभर धरतात.

पण वयाचं मला काही वाटत नाही. लागलंय ते दुसरंच. अठरानंतर तू हौशी की व्यावसायिक, हे ठरतं आणि हौशी स्वाराने घोड्यावर बसायचे पैसे घ्यायचे नाहीत. दिवसभर ऑफिसात राबून संध्याकाळी स्वारी करणाऱ्या बाईला रोज आठ-आठ घोडे फिरवणाऱ्यांसमोर उभं करू नये, हे मला पटतं. पण आमची घोडा घेण्याची ऐपत कधीच नव्हती. सई शिकली ती लोकांच्या घोड्यांवर. दोन वर्षं दर शनिवारी पहाटे ती तबेल्यातले चार घोडे फिरवायची, त्यातून स्पर्धेची फी निघायची. आता त्याचा एक डॉलर जरी घेतला तरी ती व्यावसायिक. खरारा केल्याचे पैसे चालतात, रिकिबीत पाय घातल्याचे नाहीत. आणि जिला बापाने तीन घोडे घेऊन दिलेत, ती हौशीच.

त्यापेक्षा मेडन, नॉव्हिस, लिमिट हे वर्ग मला खरे वाटतात. एकदाही पहिला न आलेला, तीनदा न आलेला, सहादा न आलेला. तिथे माणसाची स्वारीच मोजतात.

तुला पर्सनची गोष्ट सांगायलाच हवी. गेनाल पर्सन, स्वीडिश सार्जंट. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजला, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली नेमकेपणाने करून घ्यायच्या स्पर्धेला, फक्त लष्करी अधिकाऱ्यांना परवानगी होती, म्हणून त्याला तेवढ्यापुरता लेफ्टनंट केला. संघाने सुवर्ण जिंकलं, हा परत सार्जंट झाला, आणि १९४९ मध्ये ते पदक काढून फ्रान्सला दिलं. माणूस तोच, हात तेच, खांद्यावरची पट्टी तेवढी बदलली! १९५२ ला हेलसिंकीत नियम सैल झाला. पर्सन संघाबरोबर पुन्हा सुवर्ण घेऊन आला. त्याच वेळी बायकांनाही ड्रेसाज खुलं झालं आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेलने रौप्य मिळवलं. पोलिओने तिचे पाय गुडघ्याखाली लुळे पडले होते, घोड्यावर चढायला आधार लागायचा. दार उघडलं नसतं तर ती कुणाला दिसली असती, सांग?

शनिवारी सई नेहमीसारखी पहाटे गेली. घोडे फिरवून झाल्यावर मालकिणीने पाकीट पुढे केलं. सईने मान हलवली, हातमोजे काढून खिशात घातले आणि खुंटीवरचा खरारा घेतला. मी गाडीतून बघत होते. लहानपणी आपण एम्प्रेस गार्डनजवळ थांबून रेसकोर्सवरचे घोडे बघायचो, तसाच घसा दाटला.

फेब्रुवारीत आम्ही पुण्यात येतोय. सईला तिथे घेऊन जाऊ, तूही ये.

तुझी,
माधुरी