लाजऱ्या पिल्लासाठी घर हवंय

सर्व सभासदांना नमस्कार.

हिंगणघाट रस्त्यालगत पऱ्हाटीच्या वावरात सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू 12 दिवसांपासून आमच्या गोठ्यात आहे. मादी, तांबूस रंगाची, अंदाजे अडीच महिन्यांची. पहिले चार दिवस ती बंडीच्या चाकामागून बाहेरच आली नाही. आता ताटली ठेवून मी पाठ फिरवून बसलो की हळूच येते, भाकरीचा कुस्करा खाते. काल पहिल्यांदाच माझ्या पायाच्या अंगठ्याला नाक लावून गेली. चावत नाही. कुणाचा हात एकदम वर गेला की मात्र अंग चोरते, जागेवरच लघवी करते. ती भीती आहे, खोडी नव्हे. तिला रागवू नये, हे घरातल्या लेकरांनाही समजलेलं हवं.

जंताचं औषध आणि पहिली लस झाली आहे. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. ती आणि पुढे नसबंदी, दोन्हींचा खर्च मी करीन. मादी आहे म्हणून कृपया मागे सरू नका.

वावर राखायला साखळीला बांधायचं असेल, तर विचारू नका. रात्री आत निजायला जागा हवी. घरी आधीच एखादं शांत, मोठं कुत्रं असेल तर फारच बरं. त्याच्याकडे पाहून पिल्लू लवकर धीट होतं. पिल्लं सहज माणसाळतात ती साधारण 14 आठवड्यांपर्यंत, म्हणून घाई आहे.

इच्छुकांनी इथंच कळवावं. नेण्याआधी दोनदा येऊन तिच्याजवळ बसा. तिचं पोतं सोबत देईन, त्याला तिचा वास आहे.