साठ दिवसांचं घड्याळ पुन्हा पुन्हा शून्यावर का येतं?

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावात परवानाधारक अभियंता म्हणून काम करतो. माझ्याकडे टॉवर बांधणारे येत नाहीत. निवृत्तीचे पैसे हातात आलेले शिक्षक येतात, दीड-दोन गुंठ्यांत घर टाकू पाहणारे रिक्षावाले येतात, वाड्याची वाटणी झाल्यावर आपल्या वाट्याच्या चिंचोळ्या पट्टीवर दोन खोल्या चढवायला निघालेले भाऊ येतात. त्यांच्यासाठी मी एक मागणी घेऊन आलो आहे: महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ४५(५) मध्ये दुरुस्ती करा.

हे कलम म्हणतं की बांधकाम परवानगीचा अर्ज मिळाल्यापासून ६० दिवसांत नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे आमच्याकडे नगरपालिकेने, निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानावं. हीच मानीव परवानगी. पण त्याच वाक्यात पुढे आहे की प्राधिकरणाने काही मागवलं असेल, तर त्याचं उत्तर मिळाल्यापासून ६० दिवस, आणि या दोन्हींत जे नंतरचं असेल ते धरायचं. या 'नंतरचं असेल ते'मध्ये सगळी गोम आहे. पहिलं त्रुटी पत्र येतं, मोजणीचा नकाशा जुना आहे. तो नवा आणावा तर दुसरं येतं, जिन्याची रुंदी कमी आहे. जिना सुधारून द्यावा तर तिसरं, घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला जोडा. या तिन्ही गोष्टी फाइल पहिल्यांदा उघडली त्याच दिवशी दिसत होत्या, एका कागदावर लिहिता आल्या असत्या. पण प्रत्येक पत्रागणिक साठ दिवस नव्याने मोजायला कायदाच मुभा देतो, आणि मानीव परवानगी कागदावरच राहते.

मधल्या काळात बँकेच्या कर्जमंजुरीची मुदत संपते, सळईचे भाव चढतात, पावसाळा तोंडावर येतो. शेवटी माणूस परवानगीविना पाया खोदतो. मग अनधिकृत बांधकाम पाडण्याची, कलम ५३ ची, नोटीस येते. कायदा पाळायला निघालेल्या माणसाला अनधिकृत ठरवणारी ही व्यवस्था आहे, आणि तिची मला मनापासून चीड येते.

खिडकीच्या पलीकडे बसलेल्यांची बाजूही मी पाहिली आहे. नकाशे तपासणाऱ्या एकाच रचना सहायकाकडे दोन-तीन गावांचा कार्यभार असतो. त्यात सही केली म्हणून त्याची चौकशी होऊ शकते, सही अडवली म्हणून कधीच होत नाही. मग तो आणखी एक त्रुटी काढून फाइल परत पाठवतो. त्याच्या जागी कुणीही असता तरी हेच झालं असतं. म्हणूनच माझं मागणं अधिकाऱ्यांच्या बदल्यांचं नसून कलमातल्या शब्दांचं आहे. सगळ्या त्रुटी पहिल्या १५ दिवसांत एकदाच कळवाव्यात. अर्जदार पूर्तता करत असेल तेवढा काळ घड्याळ थांबावं, पण शून्यावर येऊ नये. पहिल्या पत्रात नसलेली त्रुटी नंतर काढायची झाली, तर का सुटली याचं कारण लेखी नोंदवावं लागावं.

शासनाला हे सुचतच नाही असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर आराखडा सादर करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी मानली. निर्णय धाडसाचा आणि योग्य होता. अडचण अशी की एवढे छोटे भूखंड ज्यांच्याकडे आहेत, त्यांतले कितीतरी गुंठेवारीतले, म्हणजे मंजुरीविना गुंठ्यागुंठ्याने पाडून विकलेल्या प्लॉटांतले आहेत. गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारीही त्यात आली. पण नियमितीकरणाची फाइलच पडून असेल, तर पावतीवर परवानगीचा रस्ता त्या माणसासाठी उघडतच नाही. याही फाइलींना घड्याळ लावा.

आता कुणी म्हणेल, परवानग्या अशा सैल सोडल्या तर इमारती पडतील. हा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला इमारत कोसळून ७४ माणसं गेली. ती अनधिकृतच होती. पण २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये दहा वर्षंही न झालेली पाच मजली इमारत पडली, १६ जीव गेले, आणि गुन्ह्यात विकासकाबरोबर वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपरिषदेचे अधिकारीही आले. तिथे कागद होते. मला महाड जास्त अस्वस्थ करतं.

नकाशाच्या छाननीत आम्ही इमारतीभोवती मोकळं सोडायचं सामासिक अंतर सेंटिमीटरमध्ये मोजतो. कॉलमच्या रिंगांकडे, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या कड्यांकडे, मात्र कुणी पाहत नाही. भूकंपात कॉलम तग धरायचा असेल, तर रिंगेची टोकं १३५ अंशांत आत, काँक्रीटच्या गाभ्यात वळवलेली हवीत. भारतीय मानक १३९२० हेच सांगतं. मिस्त्री सवयीने ती काटकोनात सोडतो, कारण तसं वळवणं सोपं. हादरा बसला, बाहेरचं काँक्रीट सुटलं की अशी रिंग उघडते आणि उभ्या सळया वाकतात. कोयना १९६७ आणि किल्लारी १९९३ पाहिलेल्या राज्यात ही तपासणी व्हायलाच हवी, आणि ती कॉलम ओतण्याच्या आदल्या दिवशी जागेवरच होऊ शकते. एकदा काँक्रीट पडलं की सगळं झाकलं जातं.

म्हणून छाननीच्या टेबलावर वाचणारा वेळ जागेवर लावा. फुटिंगची खोदाई, जोतं आणि प्रत्येक कॉलम व स्लॅबआधीची सळई अशा टप्प्यांवर तपासणी सक्तीची करा. ती पॅनेलवरच्या त्रयस्थ अभियंत्याने करावी, त्याची सही आणि छायाचित्रं नोंदीत राहावीत, आणि नगरपालिकेने त्यातल्या काही जागा न सांगता पाहाव्यात. खर्च विकास शुल्कातून करा. ते शुल्क आम्ही आजही भरतोच. खोटी सही करणाऱ्याचा परवाना गेला पाहिजे, मग तो माझा असला तरी.

आणि ही नोंद सगळ्यांना दिसू द्या. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्या दाखवून महारेराचे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचे, नोंदणी क्रमांक मिळवले. उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला तेव्हा उघड्यावर येण्याची वेळ आली ती आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेल्यांवर. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील, तर रेराची नोंदणीही लागत नाही. आमच्याकडच्या बहुतेक इमारती त्यातच बसतात. तिथल्या खरेदीदाराला सर्व्हे नंबर टाकताच मंजूर नकाशा, जोते तपासणी आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायला दिल्याचा दाखला, घरबसल्या दिसायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात बँकांना कर्जाआधी भोगवटा प्रमाणपत्र पाहायला सांगितलं आहे. ते खरं की खोटं हे कुठे पाहायचं, ती जागा शासनानेच द्यायची आहे.

पहिलं काम कलम ४५(५) चं. त्याला ना निधी लागतो, ना नवी पदं. दुरुस्तीचं विधेयक येत्या अधिवेशनात मांडा, अशी आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
एक परवानाधारक अभियंता