पीम म्हणजे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या लेखांच्या आधारे प्राचीन ग्रंथांतल्या अडलेल्या ओळी कशा उलगडतात, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडला. त्यात शिलालेख आले, नाणी आली. वजनाचे दगड मात्र राहून गेले. अशाच एका बोराएवढ्या दगडाने बायबलमधल्या एका वचनाचा अर्थ बदलून टाकला. मराठी वाचकांना ते कळावे, असे मनापासून वाटते.

बायबलमधले १ शमुवेल हे पुस्तक, अध्याय १३. पलिष्ट्यांनी, म्हणजे इस्राएलच्या शेजारच्या शत्रूंनी, इस्राएलात एकही लोहार उरू दिलेला नाही, कारण इब्री (इस्राएली) लोकांनी तलवारी आणि भाले घडवू नयेत. त्यामुळे फाळ, कुदळ, कुऱ्हाड यांना धार लावायची तर प्रत्येकाला पलिष्ट्यांकडेच उतरावे लागे. पुढे २१व्या वचनात ‘पीम’ हा शब्द येतो. पे, योद, मेम अशी तीन अक्षरे. अख्ख्या इब्री बायबलात तो या एकाच ठिकाणी आहे, त्यामुळे ताडून पाहायला दुसरे वाक्यच नाही. त्याच्या शेजारचा शब्दही तितकाच दुर्मीळ.

मग शतकानुशतके अटकळी चालल्या. ग्रीक भाषांतरात तिथे चक्क कापणीला आलेले पीक आहे. लॅटिनमध्ये जेरोमने अवजारे बोथट झाली होती असा अर्थ घेतला. इब्रीत ‘पे’ म्हणजे तोंड, त्यावरून अनेक तोंडांची, म्हणजे दात्यांची, कानस असा तर्क रूढ झाला आणि १६११च्या इंग्रजी बायबलात कानसच छापली गेली. लोकांकडे धार लावायला कानस होती, असे वाचक वाचत राहिले. यात अन्यायाची धार मात्र पुरती बोथट झाली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पॅलेस्टाईनमधल्या उत्खननांत घुमटाच्या आकाराची, तळ सपाट असलेली चुनखडीची छोटी वजने मिळू लागली. काहींवर स्पष्ट कोरलेले होते : पीम. गेजेर, लाखीश, यरुशलेम अशा ठिकाणांहून ती आली. तोलून पाहिली तर साधारण ७.६ ते ७.८ ग्रॅम. शेकेल हे तेव्हा चांदी तोलायचे वजन, सुमारे ११.४ ग्रॅमचे, म्हणजे पीम हा त्याचा दोन तृतीयांश. वचन धार लावण्याच्या मजुरीचे होते : एक पीम चांदी! आजची बहुतेक भाषांतरे तसाच अर्थ घेतात.

ही मजुरी केवढी होती? बायबलमधल्याच शास्ते या पुस्तकात, अध्याय १७ मध्ये, मीखा नावाचा माणूस एका तरुण लेव्याला (लेवी हे धर्मसेवा करणारे कूळ) वर्षाला दहा शेकेल रुपे, कपडे आणि अन्न देऊ करतो. म्हणजे त्याची वर्षाची सगळी रोकड पंधरा पीमांत संपते. दोन्ही गोष्टींचा काळ आणि प्रदेश अगदी एक आहे असे मी म्हणत नाही, पण अंदाज यायला एवढे पुरे. आपल्याकडे गावचा लोहार फाळाला धार लावून द्यायचा आणि सुगीला खळ्यावरून बलुते न्यायचा. तो गावातलाच, त्याचे पोट त्याच पिकावर. पलिष्ट्यांचा लोहार परक्या सत्तेचा, आणि त्याचा दर रोख. पेरणी तोंडावर आलेल्या शेतकऱ्याला घासाघीस करायलाही जागा नव्हती. शस्त्र काढून घ्यायचे आणि नांगरावरही पैसे उकळायचे, हे सगळे त्या तीन अक्षरांत आहे. लढाईच्या दिवशी राजा शौल आणि त्याचा मुलगा योनाथान सोडून कोणाच्याच हाती तलवार नव्हती, हे पुढचे वचन त्यानंतर वेगळेच वाचले जाते.

मात्र ‘बायबल खरे ठरले’ असा मथळा यावरून कोणी देऊ नये. मी स्वतः श्रद्धेने बायबल वाचणारा आहे, तरीही हे लिहितो. सापडलेली बहुतेक पीम-वजने इ. स. पूर्व आठव्या-सातव्या शतकांतली, यहूदाच्या राज्यातली आहेत. शौलाचा काळ त्याच्याही आधीचा. त्यांवरून एवढेच नक्की कळते की, हा शब्द बाजारात रोज तोलला जात होता, आणि हे वचन तो शब्द जिवंतपणी ऐकलेल्या लोकांमधून आले असावे. माझ्या दृष्टीने हे पुराव्याच्या गाजावाजाहून मोलाचे आहे.

इब्रीशी मराठीचे नाते जुने आहे. मिशनरी जॉन विल्सन यांनी कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजासाठी इब्रीचे व्याकरण मराठीतून लिहिले ते १८३२ साली. पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून केडगावात अख्खे बायबल मराठीत आणले आणि १९२२ साली, ते काम हातावेगळे करूनच त्या गेल्या. त्या भाषांतर करत होत्या तेव्हा पीमचा उलगडा जेमतेम होत होता. आज ती अडचण नाही.

वाचकांनी आपल्या घरातल्या प्रतीत हे वचन काढून पाहावे. तिथे कानस असेल, तर समासात पेन्सिलीने ‘पीम, शेकेलचा दोन तृतीयांश’ असे लिहून ठेवावे. मराठी बायबलच्या प्रकाशकांनी पुढच्या आवृत्तीत मूळ शब्द आणि त्याचे ग्रॅममधले वजन तळटीपेत द्यावे, ही विनंती आपल्या पत्रामार्फत त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला,
एक वाचक, अहिल्यानगर