झाला बाबा एकदाचा अल्बम!

8 गाणी, दीड वर्ष आणि चौघांचे पगार संपवून आमच्या बँडचा पहिला अल्बम झाला. लेबलबिबल (गाणी काढणारी कंपनी) कोणी नाही, त्यामुळे थँक्यूची यादी लांबलचक, पण नावं टाकू नका असं निम्म्यांनी आधीच बजावलंय. कोथरूडच्या ज्या काकूंनी पार्किंगमागची खोली दिली आणि दुपारी 1 ते 4 सोडून कधीही ड्रम बडवा म्हणाल्या (पुण्यात अजून काय पाहिजे!) त्या पहिल्या. मग साउंडवाला दादा, क्लिक ट्रॅक (लय धरायला लावलेली टिकटिक) कानात असूनही आमचा ड्रमर पुढे पळायचा तरी हा न चिडता 11 टेक घेत बसला आणि मिक्सिंगचे पैसे अर्धेच घेतले, ते पण हप्त्याने. आणि पावसात आमचा अँप (वाद्याचा आवाज मोठा करणारा डबा) भिजला तेव्हा स्वतःचा रिक्षात टाकून पाठवणाऱ्या मित्रा, तुझी केबल अजून आमच्याकडेच आहे रे, ये घेऊन जा.