चौदा सेंटीमीटर फीत: नागपूरच्या बर्डीतल्या काकांना पत्र

काका, नमस्कार.

तुम्ही दुरुस्त केलेली कॅसेट घेऊन गेलो त्याला आठवडा झाला. त्या दिवशी तुमच्यासमोर घसा दाटून आला आणि नुसते पैसे देऊन निघालो. म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी मी दोन दुकानांत गेलो होतो. एकाने कॅसेट हातातही घेतली नाही. "ही गाणी मोबाईलवर फुकट आहेत, कचरा कशाला सांभाळता?" म्हणाला. दुसऱ्याने दोन महिने ठेवून घेतली आणि फीत बाहेर लोंबत असलेली, चुरगळलेली परत दिली. वर पैसेही मागितले. जमत नसेल तर नाही म्हणावं ना! दुसऱ्याच्या वस्तूची अशी दशा करायचा हक्क कोणी दिला?

मोबाईलवर आहे, हे मलाही माहीत आहे. डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा 'मेड इन जपान', प्रत्यक्ष कार्यक्रमांत भरून घेतलेला अल्बम, 15 ते 17 ऑगस्ट 1972, आधी ओसाका, मग टोकियो. इकडे देश स्वातंत्र्याची पंचविशी साजरी करत होता आणि तिकडे हे पाच जण जपानी श्रोत्यांसमोर जीव ओतून वाजवत होते. स्टुडिओतलं गाणं घासूनपुसून येतं. इथे गायक गिलनने एक आलाप घ्यावा आणि ब्लॅकमोरच्या गिटारने तो तसाच परत करावा, आपल्या जुगलबंदीत होतं अगदी तसं. लोक मधेच ओरडतात, आणि डोळे मिटले की आपणही त्या गर्दीत मागे कुठेतरी उभे असतो. चाळीस वर्षं होत आली, माझं हे वेड उतरलेलं नाही.

पण आमची प्रत वेगळी. 1988 चा मे महिना होता. दादाच्या मित्राने या अल्बमची एलपी तबकडी एका दिवसापुरती दिली होती. जोडायला वायर नव्हती, म्हणून दादाने टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर ठेवून त्याच्याच माईकवर सगळं भरून घेतलं. ओसाकाच्या त्या सभागृहात आमची महाल भागातली खोली अशी शिरली. मागे कूलरची घरघर आहे. आणि 'चाइल्ड इन टाइम' या गाण्यामध्ये ऑर्गन अगदी हळू वाजत असताना स्वयंपाकघरातून आईची हाक येते, "पोट्टेहो, जेवाले या!"

फीत नेमकी तिथेच चुरगळली होती.

तुम्ही फोन केला तेव्हा वाटलं, आता नकार येणार. तुम्ही म्हणालात, "तेवढा तुकडा कापून जोडला तर दहा मिनिटांचं काम आहे. पण मधात एक बाई आवाज देते. आई आहे का तुमची?" मी हो म्हणालो. तुम्ही म्हणालात, "मग कापत नाही. वेळ लागेल."

काका, कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर धावते. आईची हाक तीन सेकंदांची, म्हणजे चौदा सेंटीमीटर. तेवढ्यासाठी तुम्ही चार दिवस घातले. कसे, ते मी विचारलं नाही. तुम्ही आधी ऐकलंत आणि कात्री हातात घेण्याआधी मला विचारलंत, हे माझ्या मनातून जात नाही. पाटी नाही, जाहिरात नाही, पण समोरच्याची वस्तू त्याला का प्रिय आहे हे समजून घेणारी माणसं या शहरात आहेत. त्यांच्याच जोरावर इथे राहावंसं वाटतं.

तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो. 'द हू' या रॉक बँडने 14 फेब्रुवारी 1970 ला लीड्स विद्यापीठात कार्यक्रम केला, त्याची तबकडी निघाली. तिच्या लेबलवर हाताने लिहिलं होतं, चरचर येते ती ठीक आहे, दुरुस्त करू नका. तुम्हाला ते कोणी लिहून द्यावं लागलं नाही.

आई आता 82 वर्षांची आहे, आवाज पार बसला आहे. परवा तिला शेजारी बसवून कॅसेट लावली. हाक आली तशी तिने मान वर केली. बराच वेळ काही बोलली नाही. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कैऱ्या चिरत होती मी तेव्हा. तुम्ही दोघं आलेच नाही लवकर."

पुन्हा लाव म्हणाली. तीनदा ऐकली.

तुमचा,
महालातला एक श्रोता